शंकरपाळ्यांची वही: देवनागरी बेसबॉल स्कोअरशीटच्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०१६, शनिवार, कोजागरी

आजपासून काम सुरू. ठिकाण नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. माणसं तीन: बाबा (७४), लेक (१०) आणि मी. धाकटा (६) पेन्सिलींना टोक करून देणार आहे.

हे काम कुठून निघालं ते आधी लिहून ठेवते. समोरचे आजोबा फेब्रुवारीत गेले. पोस्टात नोकरी केलेले, शिकागो कब्ज (Cubs) ह्या बेसबॉल संघाचे जन्माचे भक्त. कब्ज शेवटचे अंतिम मालिकेत खेळले ते १९४५ साली. तेव्हा हे नऊ वर्षांचे होते, आणि हरलेली ती मालिका त्यांना खेळाडूंच्या नावांनिशी आठवायची. जिंकलेली शेवटची मालिका १९०८ सालची, म्हणजे त्यांच्याही जन्माआधीची. गॅरेजचं दार उघडं टाकून, रेडिओ लावून ते प्रत्येक सामन्याचा स्कोअर हाताने वहीत मांडायचे. माझ्या लेकीला बेसबॉल त्यांनीच शिकवलं, त्याच गॅरेजमध्ये, खुर्चीशेजारी उलटी बादली ठेवून.

त्यांची शेवटची वही गेल्या आठवड्यात समोरच्या आजींनी लेकीला आणून दिली. निम्मी कोरी आहे. लेक लगेच त्यात लिहायला बसली, तर बाबांनी तिचा हात धरला. म्हणाले, "दुसऱ्याच्या चालू वहीत आपण लिहू नये, बाळ. आपण आपली आखू." बाबांनी कराडला बँकेत नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांना स्कोअरर म्हणून बसले. आखलेली वही हे त्यांचं क्षेत्र.

पहिला नमुना मसाला दूध आटेपर्यंत तयार झाला. उभ्या रकान्यांत नऊ डाव, आडव्या ओळींत नऊ फलंदाज, आणि प्रत्येक चौकटीत मैदानाची छोटी चौकोनी आकृती, टोकावर उभी. बाबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हे तर शंकरपाळं." नाव तिथेच पक्कं झालं. फलंदाज एकेक बेस, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यावरचा थांबा, पुढे सरकला की शंकरपाळ्याची एकेक बाजू गडद करायची, फिरून सुरुवातीच्या कोपऱ्यावर, म्हणजे "घरी", पोचला की एक धाव, आख्खं शंकरपाळं भरायचं.

रात्री अंतिम मालिकेआधीच्या फेरीतला, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धचा पहिला सामना. आठव्या डावात ३-३ अशी बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, आणि बदली फलंदाज मिगेल माँटेरोने चेंडू थेट प्रेक्षकांत मारला. एका फटक्यात चार शंकरपाळी. बाबांची पेन्सिल मोडली. ८-४.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

खुणांची यादी ठरवली. यात दोन संध्याकाळी गेल्या, पण प्रकल्पाचा खरा रस इथेच आहे.

क्षेत्ररक्षकांचे आकडे जगभर तेच राहतात: १ पिचर (चेंडू टाकणारा), २ कॅचर (फलंदाजामागे झेलणारा), ३, ४, ५ हे बेसवरचे, ६ शॉर्टस्टॉप, ७, ८, ९ बाहेरचे तिघे. आम्ही ते देवनागरीत घेतले. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो, मग त्याचा आकडा पाच का नाही, हा बाबांचा प्रश्न. बेसवाले ओळीने मोजून घेतले आणि हा मागून आला, एवढंच मला सांगता आलं. बाबांना ते पटलेलं नाही.

चार चेंडू बाहेर गेल्यावर मिळणारा फुकटचा बेस: "चौ". क्षेत्ररक्षकाची चूक: "चू". तीन स्ट्राइकनंतर (चुकवलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू) बाद झाला तर इंग्रजीत के लिहितात, आम्ही "क". बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर ते लोक के उलटा काढतात. क उलटा काढून पाहिला, पण तो पुन्हा वाचता येईना. तेव्हा क भोवती गोल.

ही के ची खूण आणि आकड्यांत मांडलेला सामन्याचा गोषवारा, दोन्हींचं श्रेय हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराला देतात. जन्म इंग्लंडमधला, १८२४ सालचा. न्यूयॉर्कला आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. क्रिकेटचा धावफलक डोळ्यांपुढे ठेवूनच त्याने बेसबॉलचा बांधला. हे ऐकल्यावर बाबा खुर्चीत सरळ झाले. इतके दिवस नातीचा खेळ म्हणून कौतुकाने बघत होते. आज विचारलं, "म्हणजे मूळ वही आपलीच?"

अडचण: संगणकावर चौकट लहान केली की "चौ"च्या डोक्यावरच्या मात्रा कापल्या जातात. ओळीची उंची वाढवली तर नऊ फलंदाज एका पानावर बसत नाहीत. इथला कागद साडेआठ बाय अकरा इंचाचा, आपल्या ए-फोरपेक्षा बुटका. शेवटी खुणा हातानेच लिहायच्या आणि फक्त चौकटी छापायच्या असं ठरलं. बाबांचं मत पहिल्यापासून तेच होतं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

कब्ज ५, डॉजर्स ०. एकाहत्तर वर्षांनी अंतिम मालिकेत.

आजचं पान आतापर्यंतचं सर्वांत देखणं. कब्जचा पिचर हेंड्रिक्स आणि शेवटी आलेला चॅपमन ह्यांच्यापुढे डॉजर्सचे फक्त २७ फलंदाज खेळायला आले, नऊ डावांत कमीत कमी तेवढेच येतात. जे दोघेतिघे बेसवर पोचले तेही तिथेच बाद झाले. शेवटची नोंद ६-४-३, शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्या बेसवर, एका चेंडूत दोघे बाद. बाबांनी तीन आकडे लिहिले आणि खाली दुहेरी रेघ मारली, बँकेत दिवसाचा हिशेब जुळल्यावर मारायचे तशी.

समोरच्या घरात दिवा होता. मी जाऊन दार वाजवलं. आजींनी दार उघडलं, पण आम्ही दोघी काहीच बोलू शकलो नाही.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

अंतिम मालिकेचा पहिला सामना, क्लीव्हलँडला: ०-६. प्रतिस्पर्धी संघाचं नाव इंडियन्स. बाबांनी विचारलं, हे आपल्यावरून का? मी सांगितलं की इथल्या मूळ रहिवाशांवरून. त्यांच्या टोपीवरचं दात विचकणारं लाल तोंड लेकीला आवडत नाही, त्यांच्या वर्गात यावर बोलणं झालं होतं. आमच्या पानावर आम्ही फक्त "क्लीव्हलँड" लिहितो.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार, धनत्रयोदशी

दुसऱ्या सामन्यानंतर मालिका १-१ झाली हे लिहायचं राहिलं (तो परवा, बुधवारी, ५-१). आज ०-१. रिग्लीवर, कब्जच्या घरच्या मैदानावर, ७१ वर्षांनी अंतिम मालिकेचा सामना आणि घरच्या संघाची एकही धाव नाही. आमच्या बाजूचं एकही शंकरपाळं भरलं नाही.

कढईतली मात्र भरपूर झाली. ह्या वर्षी फराळ घरी करायचा हे मी आधीच ठरवलं होतं. आई गेल्याला वर्ष सप्टेंबरात पूर्ण झालं. गेल्या दिवाळीला कंदीलही लावला नव्हता. आज बाबांनी बांबूच्या काड्या तासून कंदिलाचा सांगाडा बांधला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "शंकरपाळ्यांत मोहन किती घातलंस?" हा प्रश्न आईचा. मी आईचंच प्रमाण सांगितलं.

इथे पिचरही फलंदाजीला येतो, हे बाबांना आज पुन्हा दिसलं. क्लीव्हलँडच्या मैदानावर त्याच्या जागी वेगळा फलंदाज चालला, रिग्लीवर नाही. "आपला अकराव्या नंबरचा," असं म्हणून त्यांनी त्याची ओळ जरा अरुंद आखली.

२९ ऑक्टोबर, शनिवार, नरक चतुर्दशी

पहाटे तीनला बाबांनी उठवलं. अभ्यंगस्नानाआधी क्रिकेट. विशाखापट्टणमला न्यूझीलंडविरुद्धचा पाचवा एकदिवसीय सामना होता. आपले खेळाडू मैदानात आले तेव्हा त्यांच्या पाठीवर आयांची नावं होती. धोनीच्या पाठीवर देवकी. कोहलीच्या पाठीवर सरोज. बाबा ती नावं एकेक करून मोठ्याने वाचत होते. मग वाचायचे थांबले. मी उटणं कालवायला आत गेले.

न्यूझीलंड सर्वबाद ७९. अमित मिश्राचे पाच बळी. मुलांनी चिरांटं फोडलं (इथल्या दुकानात कारीट मिळत नाही, छोटी काकडी घेतली).

रात्री २-७. मालिकेत कब्ज १-३ ने मागे. क्लीव्हलँडच्या किपनिसने तिघांची धाव घेणारा होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला, आणि तो इथलाच, नॉर्थब्रूकला वाढलेला. लेक पान अर्धवट सोडून झोपायला गेली. उरलेलं बाबांनी पुरं केलं.

३० ऑक्टोबर, रविवार, लक्ष्मीपूजन

सकाळी बाबांनी नातीला कालचं पान दाखवलं, पूर्ण भरलेलं. काही बोलले नाहीत. तिने आजचं कोरं पान काढून तारीख घातली.

सूर्यास्त पावणेसहाच्या सुमाराला. पूजा मांडली. चांदीचं नाणं, केरसुणी, लाह्या-बत्तासे, आणि बाबांनी शेजारी आमची फाइल ठेवली. बँकेत आणि पेठेत सगळ्या आयुष्यभर वहीपूजन पाहिलेला माणूस. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळदीचं बोट लावलं. मी म्हटलं, "बाबा, ही हिशेबाची वही नाही." ते म्हणाले, "मग कशाची आहे?"

सामना सव्वासातला. चौथ्या डावात कब्जच्या ब्रायंटचा होमरन आणि त्या डावात एकूण तीन धावा. पुढे चॅपमनने शेवटचे आठ बळी एकट्याने घेतले. एवढा वेळ तो सहसा टाकत नाही. ३-२. सामना संपल्यावर फलकावर पांढरा झेंडा चढला, त्यावर निळं डब्ल्यू, जिंकल्याची खूण. रिग्लीच्या मधल्या फलकावर आजही माणसं आत बसून आकडे हाताने बदलतात, १९३७ पासून. बाबांना त्या फलकाच्या आतली माणसं बघायची आहेत. झेंड्यापेक्षा तीच.

पानाच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग पडला आहे. तसाच ठेवला.

१ नोव्हेंबर, मंगळवार, भाऊबीज

शाळेतून आल्यावर ओवाळणी. धाकट्याकडे ताटात घालायला काही नव्हतं, तेव्हा बाबांनी पाकिटातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात दिली. जानेवारीत मुंबईला उतरल्यावर कराडपर्यंतच्या गाडीसाठी ठेवलेल्या नोटांतली एक. लेकीने ती नोट घडी न घालता आमच्या फाइलीत ठेवली.

रात्री ९-३. अ‍ॅडिसन रसेलने तिसऱ्या डावात भरलेल्या बेसवर होमरन मारला. पुन्हा एका फटक्यात चार. मालिका ३-३. उद्या निकाल.

२ नोव्हेंबर, बुधवार (हे ३ तारखेच्या पहाटे लिहिते आहे)

सातव्या सामन्यासाठी कामं वाटली होती: लेक कब्जची बाजू लिहिणार, बाबा क्लीव्हलँडची. सहाव्या डावात ३९ वर्षांच्या डेव्हिड रॉसने होमरन मारला, त्याच्या आयुष्यातला हा शेवटचा सामना. ६-३.

आठवा डाव. दोन बाद. आधी एक धाव गेली, ६-४. मग क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसने चॅपमनचा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून मारला. ६-६. घरात कोणी हललं नाही. फक्त बाबांच्या पेन्सिलीचा आवाज. डेव्हिसचं शंकरपाळं ते भरत होते, कडेपासून आत, रेघेबाहेर न जाता, आपल्या खेळाडूचं भरावं तसं. लेक ओरडली, "आजोबा, तुम्ही ते इतकं छान का भरताय?" डोळ्यांत पाणी. बाबा थांबले नाहीत. "झालं ते लिहायचं, बाळ. समोरच्या आजोबांनी काय केलं असतं?" ती उठून आत गेली, आणि त्यांची जुनी वही घेऊन आली. त्यात एका हरलेल्या सामन्याचं पान होतं. त्यातही प्रतिस्पर्ध्याचे होमरन तितकेच नीट भरलेले होते. ती पुन्हा जागेवर बसली.

नऊ डाव संपले, बरोबरीच. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपल्या पानावर दहावा रकानाच नाही. मी नऊच आखले होते. कागद बुटका म्हणून उजवीकडची जागा बेरजांना दिली होती.

त्याच वेळी क्लीव्हलँडला पाऊस आला. मैदानावर ताडपत्री ओढली. सामना १७ मिनिटं थांबला. नंतर कळलं की तेवढ्यात कब्जचे खेळाडू व्यायामाच्या खोलीत जमले होते आणि त्यांच्यातला हेवर्ड त्यांच्याशी बोलला. आमच्या टेबलावर बाबांनी पट्टी मागितली. बेरजांचे रकाने खोडरबराने पुसले, दोन्ही पानांवर दहावा रकाना आखला, अठरा चौकटी, अठरा शंकरपाळी हाताने. शेवटची चार धाकट्याने काढली. तो इतका वेळ जागा होता हे मला माहीतच नव्हतं. त्याची चारही वाकडी आहेत.

पाऊस थांबला तेव्हा रकाना तयार होता.

श्वार्बरचा फटका. हा एप्रिलमध्ये गुडघा दुखावून जवळजवळ हंगामभर बाहेर बसलेला. त्याच्या जागी पळायला अल्मोरा आला. ब्रायंटचा उंच झेल मागे भिंतीजवळ घेतला गेला आणि तेवढ्यात अल्मोरा दुसऱ्या बेसवर पोचला. बाबा एकदम म्हणाले, "शाब्बास!" आख्ख्या मालिकेत त्यांनी मोठ्याने दिलेली ही एकच दाद, आणि ती धाव नसलेल्या गोष्टीला. मग झोब्रिस्टचा फटका, डाव्या रेघेला लागून. अल्मोरा घरी. त्याचं शंकरपाळं धाकट्याने काढलेल्या वाकड्या चारांपैकी होतं. लेकीने तेच भरलं. मागून माँटेरोने आणखी एक. ८-६.

क्लीव्हलँडने एक परत घेतली, ८-७. दोन बाद. मार्टिनेझचा चेंडू जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे. ब्रायंट पळत आला, पाय घसरला, तरी चेंडू बरोबर पहिल्या बेसवरच्या रिझोकडे गेला. रात्रीचे पावणेबारा वाजून गेले होते. बाबांनी आधी लिहिलं आणि मग वर पाहिलं.

५-३.

समोरचा दिवा चालू होता. आजी नाइटगाऊनवर नवऱ्याचं कब्जचं जॅकेट घालून रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या होत्या.

५ नोव्हेंबर, शनिवार

कालच्या मिरवणुकीला शाळेमुळे गेलो नाही. नदीचं पाणी निळं केलं होतं, पन्नास लाख माणसं आली असं शहराने सांगितलं. आज आजींना घेऊन आगगाडीने गेलो, अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलो.

रिग्लीच्या बाहेरच्या विटांच्या भिंती, वेव्हलँड आणि शेफील्ड रस्त्यांच्या कडेने, खडूने लिहिलेल्या नावांनी भरल्या आहेत. बाबा, आजी, आजोबा, काका, जे हा दिवस बघायला उरले नाहीत त्यांची नावं. हाताला पोचेल तिथपर्यंत जागा नाही. एका अनोळखी तरुणाने आपल्या मित्राला खांद्यावरून उतरवलं आणि आजींना म्हणाला, सांगा, मी वर लिहितो. आजी नको म्हणाल्या. त्यांनी गुडघ्यावर बसून, अगदी खाली, पदपथाजवळ, एका विटेवर नवऱ्याचं नाव लिहिलं. मग खडू बाबांपुढे धरला. बाबांनी शेजारच्या विटेवर तेच नाव देवनागरीत लिहिलं. शिरोरेषा काढताना खडू विटेच्या खाचेत अडकत होता, त्यांनी ती तीनदा गिरवली.

परतीच्या गाडीत आजींनी विचारलं, बायकोचं नाव का नाही लिहिलंत? मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "तिला क्रिकेटसुद्धा आवडायचं नाही. उन्हात बसून काय लिहिता म्हणायची." आणि बराच वेळ आईबद्दल बोलत राहिले. मी आजींसाठी भाषांतर करत होते. ह्यातल्या काही गोष्टी मीही आज पहिल्यांदा ऐकल्या.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्याकडे सकाळचे साडेआठ, भारतात रात्रीचे आठ. कराडहून चुलतभावाचा फोन: पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. चलनातल्या रकमेपैकी ८६ टक्के ह्या दोन नोटांत. बाबांनी पाकीट टेबलावर रिकामं केलं आणि नोटा मोजल्या, दोनदा, अंगठा ओला करून. बँकेतला जुना माणूस. उद्या काउंटरवर बसणाऱ्या पोरांचे काय हाल होतील, एवढंच म्हणाले.

दुपारी मी मतदान करून आले. नागरिक झाल्यावरचं पहिलं अध्यक्षपदाचं मत. बाबा बाहेर बाकावर थांबले होते. रात्री दीडच्या सुमाराला ट्रम्प जिंकल्याचं जाहीर झालं. मी ज्यांना मत दिलं त्या हरल्या. सहा दिवसांपूर्वी ह्याच रस्त्यावर लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. आज सकाळी (नऊ तारीख उजाडली आहे) बसथांब्यावर कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लेकीने विचारलं, आपण इथे राहू शकतो ना? मी हो म्हटलं, आणि डबा भरत राहिले. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. संध्याकाळी घेतलं.

भाऊबीजेची नोट बदलून डॉलर देतो असं बाबांनी सांगितलं. लेकीने ऐकलं नाही. नोट फाइलीतच आहे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

आजी जेवायला आल्या. त्यांनी भोपळ्याचा पाय (pie, इथला गोड पदार्थ) आणला, मी मसालेभात आणि कोशिंबीर केली.

जेवणानंतर त्यांनी विचारलं, सातव्या सामन्याचं पान त्यांच्या वहीत लावता येईल का. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. बाबांनी विचारलं, "डिंक आहे का घरात?" शाळेचा पांढरा गोंद होता. आजोबांच्या शेवटच्या भरलेल्या पानानंतरचं पहिलं कोरं पान उघडलं. आमची दोन्ही पानं, पुसलेल्या बेरजा, हाताने काढलेला दहावा रकाना, सगळं त्यावर चिकटवलं. कडा बाहेर येत होत्या त्या दुमडल्या.

आजींनी चष्मा लावला. देवनागरी आकडे त्यांना वाचता येईनात. बाबांनी त्यांचं बोट धरून शेवटच्या चौकटीवर नेलं आणि इंग्रजीत, त्यांना येतं तेवढ्या इंग्रजीत, सांगितलं: "फाइव्ह. थ्री."

"ब्रायंट टु रिझो," आजी म्हणाल्या.